साताऱ्यास लागतो, शेजारी लागत नाही

रेडिंग, इंग्लंड
दि. ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप काकांचे चरणी बालकाचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. चिवडा, चकल्या आणि काकूंच्या हातचे अनारसे असे सर्व जिन्नस सुखरूप येऊन पोहोचले; पैकी अनारसे आपल्या सुनेने स्वतःच्या ताब्यात घेतले असून त्यांचा हिशेब ती कोणासही देत नाही. पत्राच्या शेवटी आपण जो टोमणा मारला आहे, की साताऱ्यास खणखणीत वाजणारा तुझा नवा फोन गावातल्या गावात डॉक्टरला लागत नाही, तर असले यंत्र तू कोणाच्या सल्ल्याने घेतलेस, त्याची सविस्तर कैफियत देणे मला प्राप्त आहे. टेलिफोन खात्यात उभी हयात घालवून ट्रंक एक्स्चेंजचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थांपुढे टेलिफोनची कैफियत मांडणे हे धाडसाचे काम आहे, हे मी जाणून आहे. परंतु आपल्याखेरीज ती शेवटपर्यंत वाचील असा दुसरा मनुष्य माझ्या आप्तवर्गात नाही, हेही तितकेच खरे.

प्रथम पूर्वपीठिका. तांब्याच्या तारेवर चालणारा जुना टेलिफोन या देशातून जानेवारी २०२७ पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. आधी ही मुदत डिसेंबर २०२५ ची होती. परंतु एकटे राहणारे वृद्ध आणि आजारी लोक गळ्यात जे मदतीचे बटण अडकवून असतात, ते नव्या व्यवस्थेत चालेल की नाही याची खात्री पटेना, म्हणून ती लांबवण्यात आली. आम्ही या घरी राहावयास आलो तेव्हा भिंतीवर टेलिफोनची जुनी खोबण होती, पण तिच्यात प्राण नव्हता; सबब एका कंपनीकडून इंटरनेटवर चालणारा नवा नंबर घेतला. कंपनीने तळहाताएवढी एक पेटी पाठवली. तिची एक तार राउटरला आणि दुसरी तार आपण मागे आलात तेव्हा पाहिलेल्या त्या जुन्या पांढऱ्या फोनला जोडली की काम झाले, असे सोबतच्या कागदावर लिहिले होते. त्याप्रमाणे केले, आणि पहिलाच फोन आपणांस केला. तो लागला, आवाज स्वच्छ आला, आपण प्रसन्न झालात, आणि घोटाळ्याचा आरंभ झाला तो त्यानंतर.

रेडिंग हे लंडनच्या पश्चिमेचे गाव पूर्वी बिस्किटांच्या कारखान्यासाठी आणि ऑस्कर वाइल्ड याला जेथे डांबून ठेवले होते त्या तुरुंगासाठी प्रसिद्ध होते. याचा टेलिफोनचा संकेतांक ०११८, आणि त्यापुढे सात आकडी नंबर. गावातल्या गावात संकेतांक गाळून नुसता नंबर फिरवण्याची वहिवाट येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शेजारच्या आजीबाईंनी दवाखान्याचा नंबर मला तोंडी सांगितला तोही सातच आकड्यांचा. आता येथल्या सरकारी दवाखान्याची रीत अशी, की सकाळी आठाच्या ठोक्याला फोन सुरू होतात आणि थोड्याच वेळात त्या दिवसाच्या साऱ्या वेळा संपून जातात. म्हणजे आठ वाजता फोन लागणे आणि डॉक्टर भेटणे या एकच गोष्टी समजाव्यात. धाकट्याचा कान ठणकत होता. मी आठाला नंबर फिरवला. पलीकडे घंटी नाही, एंगेज नाही, काहीच नाही. थोड्या वेळाने एक टूंऽऽ असा स्वर, आणि शांतता.

आपली शिकवण अशी, की दोष शोधणाराने आधी दोष कोठे नाही ते ठरवावे: इन्स्ट्रुमेंट, मग ड्रॉप वायर, मग डीपी, मग पिलर, मग एमडीएफ, आणि सर्वांत शेवटी एक्स्चेंजवर बोट. मी त्याच क्रमाने जाण्याचा प्रयत्न केला, परंतु या नव्या फोनला डीपी नाही, पिलर नाही आणि एमडीएफही नाही. लाईनमन तर नाहीच, ज्याला चहा पाजून काही विचारावे. शेवटी आमच्या थोरल्या चिरंजीवांनी, ज्यांना पाढे येत नाहीत पण यंत्रांची अंतर्गत दप्तरे वाचता येतात, त्या पेटीतील रोजकीर्द संगणकावर उघडून दाखवली. प्रत्येक कॉलपुढे एकेक आकडी शेरा होता. आपल्या खात्यात १८० फिरवला की ट्रंक बुकिंगच्या बाई बोलत. या नव्या शिरस्त्यात १८० याचा अर्थ पलीकडे घंटी वाजत आहे, ४८६ म्हणजे एंगेज, ४०४ म्हणजे असा कोणी इसम दप्तरी नाही. दवाखान्याच्या कॉलपुढे शेरा होता ४८४, म्हणजे पत्ता अपुरा.

हा शेरा मात्र, काका, अन्यायाचा नव्हता. आपल्या काळी ग्राहकाची तार ज्या एक्स्चेंजमध्ये येऊन संपे, ते एक्स्चेंज त्या गावचे असे. कोणत्या तारेवरून मागणी आली यावरूनच मागणारा कोठला हे त्याला कळे, आणि म्हणून सातच काय, एखाद्या लहान गावी तीन आकड्यांतही भागत असे. माझा नंबर रेडिंगचा म्हणवतो खरा, परंतु तो कोठल्याशा दूरच्या यंत्रातील केवळ एक नोंद आहे. ती पेटी उचलून मी साताऱ्यास घेऊन आलो, तरी शनिवार पेठेत बसून माझा नंबर रेडिंगचाच राहील. माझे आकडे जे यंत्र ऐकते ते एका गावाचे नाही, सबंध देशाचे आहे. आणि सात आकडी नंबर या देशात अनेक शहरांत आहेत. त्यातला कोणता, असा त्या बिचाऱ्यास प्रश्न पडतो. आपला साताऱ्याचा नंबर विनातक्रार लागतो याचे कारण एवढेच, की तो मी ०० ९१ २१६२ पासून अखेरपर्यंत पूर्ण फिरवतो आणि काहीही गृहीत धरत नाही. दूरचा मनुष्य पूर्ण पत्त्यानिशी बोलावला जातो आणि जवळच्याला आपण अर्ध्या नावाने हाक मारतो, अशी ही अडचण आहे.

ही अडचण एकट्या इंटरनेटचीच आहे असेही नाही. बोर्नमथ गावी नंबर संपत आले तेव्हा १ नोव्हेंबर २०१२ पासून गावातल्या गावातही पूर्ण संकेतांक फिरवण्याची सक्ती झाली. पुढे २०१४ साली मिल्टन कीन्स, ब्रायटन इत्यादी गावांवर तोच हुकूम बजावला गेला. तेव्हा आमच्या आजीबाईंची तार बदलली जाईल त्या दिवशी त्यांनाही सात आकड्यांचा निरोप घ्यावा लागणार आहे. मी हे त्यांना सांगून पाहिले. "माझ्याच गावात मला गावाचे नाव का सांगावे लागावे?" असे त्या म्हणाल्या, आणि मला उत्तर देता आले नाही.

चिरंजीवांनी पेटीत असा नियम घालून दिला, की कोणी सात आकडे फिरवले तर यंत्राने आपण होऊन आधी ०११८ जोडावे. नियम चांगला होता. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सातवा आकडा फिरवल्यावर आणखी आकडे येतात काय, याची वाट पाहत यंत्र काही सेकंद स्वस्थ बसू लागले. सकाळी आठ वाजता ते सेकंद फार मोलाचे असतात. तेवढ्या अवधीत अर्धे रेडिंग आमच्या पुढे रांगेत शिरते आणि आम्हांस ध्वनिमुद्रित बाई अत्यंत सौजन्याने आमचा क्रमांक ऐकवते. यावर तोड अशी निघाली, की नंबर संपताच चौकडीचे बटण दाबावे, म्हणजे यंत्र वाट न पाहता कॉल सोडून देते. शिवाय संकेतांकातील आरंभीचे शून्य विसरले तर निराळेच संकट आहे: या देशात ११८ आणि पुढे तीन आकडे म्हणजे नंबरांची चौकशी, आणि तिचा आकार ऑफकॉम या नियामक खात्याने २०१९ साली बांधून दिल्यानंतरही दर नव्वद सेकंदांना ३ पौंड ६५ पेन्सपर्यंत जाऊ शकतो. आपल्या खात्याच्या १९७ वर ही चौकशी कोणत्या भावाने होत असे, ते आठवून मी फोनशेजारी भिंतीवर एक मोठे शून्य रंगवून ठेवले आहे.

येथवर आमचा कॉल बाहेर जाण्याची कथा झाली. बाहेरचा कॉल आत येण्याची कथा याहून गहन आहे.

कानाच्या तपासणीचा निकाल दवाखाना फोन करून कळवणार होता. फोन आला नाही. मी चौकशीस गेलो, तर स्वागतिका बाई म्हणाल्या की आम्ही केला होता, पण आपण फिरवलेला नंबर ओळखीचा नाही असे पलीकडून सांगतात. इकडे माझ्या मोबाईलवरून घरचा फोन वाजत होता, आजीबाईंच्या तांब्याच्या तारेवरून वाजत होता, आणि आपण तर साताऱ्याहून वाजवतच होता. ज्या थोड्या फोनांना तो लागत नव्हता, ते सर्व एकाच कंपनीचे निघाले. आपल्या पद्धतीने विचार करता दोष माझ्या घरी नाही आणि माझ्या कंपनीकडेही नाही, हे सिद्ध झाले.

चौकशीअंती कळले ते असे. ऑफकॉम कंपन्यांना नंबर एकेक करून देत नाही. दहा हजारांच्या किंवा एक हजाराच्या गठ्ठ्याने देते. नवा गठ्ठा निघाला म्हणजे देशातील प्रत्येक कंपनीने आपापल्या एक्स्चेंजमध्ये, अमुक आकड्यांनी सुरू होणारे कॉल अमुक कंपनीच्या दारी पोहोचवावेत, अशी नोंद स्वतः करून घ्यायची असते. सर्वांनी मिळून पाहावी अशी एक मध्यवर्ती वही येथे नाही. एवढेच काय, मनुष्य आपला जुना नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला, तरी त्याचा कॉल आधी मूळ गठ्ठेवाल्याच्या दारी जातो आणि तेथून पुढे धाडला जातो. माझा नंबर नव्या गठ्ठ्यातला. बाकीच्यांनी नोंद केली, एका कंपनीने केली नाही. आणि त्या कंपनीच्या लेखी मी या भूतलावर नव्हतोच.

आता तक्रार कोणी करायची? माझी कंपनी म्हणते, कॉल आमच्या हद्दीत आलाच नाही, तर आम्ही काय तपासणार? ती दुसरी कंपनी म्हणते, आपण आमचे ग्राहक नाही, सबब आपली तक्रार दाखल होत नाही. आमच्या ग्राहकाने करावी. त्यांचा ग्राहक म्हणजे दवाखाना, आणि दवाखान्याला माझ्यावाचून काही अडलेले नाही. शिवाय तक्रारीसोबत मागील चोवीस तासांतील अयशस्वी कॉलचे नमुने हवेत: तारीख, वेळ, कोणत्या नंबरावरून, कोणत्या नंबरास, आणि काय ऐकू आले. मी कागद-पेन्सिल घेऊन दवाखान्यात हजर झालो आणि स्वागतिका बाईंना विनंती केली की कृपा करून मला फोन करावा. त्यांनी चष्मा सावरून माझ्याकडे पाहिले. "पण आपण येथेच उभे आहात." मी म्हणालो, "होय, म्हणूनच मी घरी उचलणार नाही. आणि तो लागू नये अशीच अपेक्षा आहे." बाई सुशिक्षित असल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी ध्वनिवर्धक लावून नंबर फिरवला, ओळखीचा नाही असा निर्वाळा सर्व प्रतीक्षागृहाने ऐकला, मी घड्याळ पाहून वेळ टिपली, पुन्हा फिरवण्याची विनंती केली, पुन्हा टिपली. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी शून्य गाळून पाहावे अशी सूचना केली. ती मी सभ्यपणे नाकारली. त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरले, परंतु पान उलटले नाही.

अर्ज दवाखान्याच्या सहीने गेला. काही दिवसांनी एका दुपारी घरचा फोन वाजला. पलीकडे त्याच बाई. "आपला नंबर लागतो की नाही एवढेच पाहायचे होते," असे म्हणून, मी पुढच्या तपासणीची वेळ मागण्याच्या आत त्यांनी फोन ठेवला.

या प्रसंगी आपण वारंवार सांगत असलेली स्ट्रोजरची हकीकत मला फार आठवली. कॅन्सस सिटीचा तो प्रेतसंस्काराचा धंदा करणारा गृहस्थ. गावच्या टेलिफोन ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइके परस्पर प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देतात, असा त्याला संशय आला, आणि ऑपरेटरच नको म्हणून त्याने आपोआप चालणारे एक्स्चेंज शोधून काढले व १८९१ साली त्याचे पेटंट मिळवले, असे सांगतात. म्हणजे साऱ्या स्वयंचलित टेलिफोनच्या मुळाशी गावातल्या गावात फोन न लागल्याची तक्रारच होती. त्याला निदान संशय घ्यायला एक बाई तरी होती.

राहता राहिले आपले सांगलीकर. हे बिऱ्हाड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि आमच्याच आग्रहाने त्यांनी आमच्याच कंपनीचा फोन घेतला. आमच्या दोन घरांतील संभाषण असे होई, की त्यांचे मला ऐकू येई आणि माझे त्यांना मुळीच नाही. सांगलीकरांनी एका संध्याकाळी मला फोन करून कृष्णेचा पूर, आयर्विन पूल आणि हळदीचे भाव या विषयांवर पाऊण तास व्याख्यान दिले, मी मधून मधून "ऐकू येतंय का?" असे ओरडत होतो, ते अर्थात त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारचौघांत माझी स्तुती केली, की परदेशी राहून या मुलात श्रवणाचा गुण आला आहे.

याचे कारण मोठे मनोरंजक आहे. परगावचा कॉल कंपनी आपल्या मध्यस्थ यंत्रातून नेते. परंतु दोन्ही ग्राहक तिचेच असले, की ती दोघांची ओळख करून देऊन बाजूला होते आणि आवाज परस्पर जातो. तो परस्पर जायचा तर पत्ता बरोबर हवा. घरातील पेटीला घरापुरता खाजगी पत्ता असतो, बाहेर तो चालत नाही. बाहेरचा पत्ता कोणता ते पेटी स्वतःच चौकशी करून लिहिते. परंतु राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाची एक सोय असते, ती कचेरीतल्या नवख्या कारकुनाप्रमाणे, साहेबांनी नीट लिहिलेला पत्ता टपालात टाकण्यापूर्वी खोडून स्वतःच्या समजुतीने दुसरा लिहिते. बदललेला पत्ता वाचून आवाज भलत्याच दारी जातो. आवाजाच्या दर सेकंदाला पन्नास पुड्या बांधून धाडल्या जातात. म्हणजे पाऊण तासात सव्वालाखाहून अधिक पुड्या आमच्या ओरडण्याच्या गेल्या आणि एकही सांगलीकरांना मिळाली नाही. चिरंजीवांनी ती सोय बंद केली. आता सांगलीकरांना माझे ऐकू येते, आणि त्यांचे फोन बरेच कमी झाले आहेत.

वीज गेली तर काय, असे आपण विचारले आहे. वीज गेली तर फोन गेला. एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालणारे आपले ते पन्नास व्होल्ट, ज्यांच्या भरवशावर पावसाळ्यात सारे गाव अंधारात असतानाही टेलिफोन चालत असे, ते या व्यवस्थेत कोठेच नाहीत. ज्यांना मोबाईलची सोय नाही अशांना संकटकाळी निदान एक तास पुरेल असा बंदोबस्त कंपनीने करून द्यावा, एवढे ऑफकॉमचे फर्मान आहे. ९९९ वर आमचा जो पत्ता दिसतो तोही आम्हीच नोंदवलेला असतो, म्हणून घर बदलताच तो बदलावा लागतो. ही ९९९ ची सेवा लंडनमध्ये ३० जून १९३७ रोजी सुरू झाली. त्या काळी नऊचा आकडा धुरात किंवा अंधारातही तबकडीवर बोटाने चाचपडून सापडत असे. आमच्या फोनला तबकडीच नाही, पण चिरंजीवांनी पेटीच्या नियमांत या तीन आकड्यांस क्षणभरही वाट पाहावी लागू नये अशी तजवीज केली आहे. या बाबतीत मी जुन्या तारेचा पक्षपाती आहे, आणि आपणही असाल.

आता विनंती दोन गोष्टींची. आपल्या फोनवर आय. एस. डी. ची सोय अर्ज दिल्याखेरीज पुन्हा उघडली जात नाही, आणि मागील खेपेस आपण ती बिलाच्या धास्तीने बंद करून टाकलीत असे काकू म्हणाल्या. तरी तेवढा अर्ज कृपया द्यावा. दुसरे असे, की आम्हांस फोन करताना ०० ४४ फिरवल्यावर थेट ११८ घ्यावे. येथे ज्या शून्याशिवाय आमचे पान हलत नाही, ते शून्य तेथून फिरवले की कॉल लागत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येथली घड्याळे मागे गेली असल्याने अंतर आता साडेपाच तासांचे झाले आहे; आपण नित्याप्रमाणे पहाटे सहाला फोन केलात तर आमच्याकडे रात्रीचे साडेबारा असतील. रविवारी आपल्या दुपारी चारनंतर केव्हाही करावा, आम्ही घरीच असतो.

तीर्थरूप काकूंस साष्टांग नमस्कार. मुलांचे उभयतांस नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पुतण्या